ओळखीची व्यक्ती उभी असल्याचे दिसले

प्रिय पत्नीस,

सप्रेम नमस्कार. (नवऱ्याने बायकोला पत्रात नमस्कार करावा की आशीर्वाद द्यावा, याविषयी आपले पहिल्याच पत्रापासून मतभेद होते. मी ‘अनेक आशीर्वाद’ लिहिले, तेव्हा तू उलट टपाली ‘आशीर्वाद पोचले, आता माणूस पाठवा’ असे कळवले होतेस. तेव्हापासून मी नमस्कारच लिहीत आलो आहे.) पाकिटावर तुझे पूर्ण नाव लिहिले आहे, तुझे, माझे आणि आडनाव, तिन्ही सुवाच्य अक्षरांत. नावामागे काय लावावे, इथे मात्र लेखणी अडली. मी हयात असल्यामुळे तू ‘सौ.’ आहेस आणि तू हयात नसल्यामुळे ‘कै.’ आहेस. दोन्ही शेजारी शेजारी लिहून पाहिले, तर एखाद्या पतपेढीचे नाव वाटू लागले. म्हणून मागे काहीच लावले नाही. पत्त्याची जागा तूर्त मोकळी आहे.

तुझी प्रकृती कशी आहे? हा प्रश्न तर्काला धरून नाही याची मला जाणीव आहे; परंतु पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी न करणे शिष्टाचाराला धरून नाही, आणि एवढी वर्षे सांभाळलेला शिष्टाचार समोरच्याची परिस्थिती बदलली म्हणून सोडून देता येत नाही. गुडघे आता दुखत नसावेत असे गृहीत धरतो. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब वाढला आहे, त्याचे कारण पुढे येईलच. मनातले कोणाशी तरी बोलत जा, असा डॉक्टरांनी सल्ला दिला. मी विचार केला की, विषय सर्वस्वी तुझ्याशी संबंधित असताना मध्ये तिऱ्हाइताला कशाला घ्यायचे? थेट संबंधित व्यक्तीलाच लिहिणे हे केव्हाही योग्य.

पत्रास कारण की, तुझा भाऊ. यापूर्वीच्या माझ्या बहुतेक पत्रांनाही हेच कारण असे, हे तुला आठवत असेल. परंतु या वेळचा प्रकार इतका विलक्षण आहे की तो घडून गेल्यावरही माझा त्यावर धड विश्वास बसलेला नाही. जेवताना घास हातात राहतो. मला एकामागून एक धक्के बसले आहेत. ते ज्या क्रमाने बसले त्याच क्रमाने कळवतो, म्हणजे तुलाही ते सोसतील.

रुग्णालयात त्या दिवशी तू मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलीस. तुझा चेहरा पाहून मला वाटले, आता काही गंभीर ऐकावे लागणार, म्हणून मी चष्मा पुसून बसलो. तू म्हणालीस, “माझ्या भावाला एकदा तुमच्या कारखान्यात काम द्या. चुकला तर रागवा, पण हाकलू नका.” मी होय म्हणालो. एकदा होय म्हटले की मी फिरत नाही, हे ठाऊक असल्यामुळेच तू ते माझ्याकडून अशा प्रसंगी वदवून घेतलेस, असा माझा दाट संशय आहे. आधी कधी विचारले असतेस तर मी निदान चार दिवस विचार केला असता.

माझ्या कारखान्यात नेमके काय चालते, हे तू मला कधी पुरते सांगू दिले नाहीस. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी तू, पण माझ्या झोतयंत्राचा विषय निघाला की तुला हटकून भाजी चिरायची आठवण होई. आता तुला उठून जाता येणार नाही, म्हणून सांगून घेतो. आमच्याकडे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन त्यांचा झोत मालावर सोडतात. झोताखालून तार गेली की तिच्यावरचे प्लास्टिक उष्णता सोसण्याइतके कणखर होते. बंद खोक्यांतल्या इंजेक्शनच्या सुया गेल्या की खोके न उघडता आतले जंतू मरतात. हे सारे एका आतल्या खोलीत घडते. तिच्या भिंती काँक्रीटच्या आणि इतक्या जाड आहेत की त्यांच्या जाडीत आपले न्हाणीघर मावेल. आत जाण्याची वाट मुद्दाम वळणावळणांची ठेवली आहे, कारण किरण सरळ रेषेत जातात आणि माणसाला वळता येते. (माणूस श्रेष्ठ असल्याचा एवढा एकच पुरावा मला माझ्या नोकरीत पाहायला मिळाला.) यंत्र चालू असताना आत कोणी राहिला, तर तो वाचत नाही. त्यामुळे आत डोकावण्यासाठी कॅमेरे हवेत, आणि ‘या कॅमेऱ्यात माणूस ओळखू येतो’ अशी सुरक्षा अधिकारी या नात्याने माझी दर आठवड्याला सही लागते.

आता कॅमेऱ्यांची कर्मकहाणी. झोत काही त्यांच्यावर पडत नाही. परंतु इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की त्यातून क्ष-किरण निघतात आणि खोलीभर सुटतात. कॅमेऱ्याच्या भिंगामागे प्रकाश टिपणारी जी चकती असते तिच्यावर ते आदळले की पडद्यावर पांढरे ठिपके नाचू लागतात. कोणीतरी आत बसून पीठ चाळत आहे असे वाटते. यंत्र बंद केले की बहुतेक ठिपके जातात. काही मात्र मुक्काम करतात. चकतीचे तेवढे कण कायमचे भाजलेले असतात. गडद अंधारातही ते ‘मला उजेड दिसतो’ असे सांगत राहतात, आणि ही मंडळी आठवड्यागणिक वाढत जातात. शिवाय भिंगाची काच आधी पिवळसर होते, मग तांबूस, मग कोऱ्या चहासारखी. वर, हवेतल्या प्राणवायूचा ओझोन होतो तो वेगळाच. त्याचा नाकाला झोंबणारा वास येतो आणि तो तारांवरचे रबर खाऊन टाकतो. थोडक्यात, आमच्या खोलीत कॅमेरा आधी म्हातारा होतो, मग त्याला नसलेले दिसू लागते, मग तो जातो. (यापुढची दोन वाक्ये लिहून खोडली आहेत. कागद उजेडासमोर धरून ती वाचण्याचा प्रयत्न करू नये.)

किरणांना दाद न देणारे खास कॅमेरे मिळतात, पण ते मागवल्यापासून येईपर्यंत ऋतू उलटतो, आणि आमचे जुने दोन्ही एकदमच निकालात निघाले. तोवर साधे कॅमेरे बसवावेत आणि ते खराब होतील तसे बदलत राहावे, असे व्यवस्थापकांनी ठरवले. दुकानांत आणि जिन्यांत कॅमेरे बसवणारा तुझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि तुला दिलेला शब्द स्मरून मी त्याचे नाव सुचवले. तो आला तेव्हा हे किरणांचे प्रकरण मी त्याला आकृती काढून समजावले. तो आकृतीकडे फार आदराने पाहत होता. शेवटी म्हणाला की, भावोजी, माझे कॅमेरे बेकरीत भट्टीसमोर चालतात, तुमच्या या खोलीत तर एसी आहे.

पहिला कॅमेरा आठवडाभरात आंधळा झाला. मला याचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते तुझ्या भावाच्या निदानांचे. पांढरे ठिपके पाहून तो म्हणाला, धूळ आहे. धूळ नाही असे सिद्ध केल्यावर म्हणाला, मग चिलटे. काच तांबूस झालेली पाहिल्यावर त्याने आमच्या कामगारांना एकेक करून बाजूला घेतले आणि आत चहा कोण पितो याची चौकशी केली. त्याच्या जागी नवा कॅमेरा त्याने पोळ्या गुंडाळतात तशा चंदेरी कागदात गुंडाळून लावला. तोही आंधळा झाल्यावर मी तुझ्या भावाला सांगितले की, असल्या कागदाला क्ष-किरण जुमानत नाहीत, त्यांना अडवायला जाड आणि जड धातू लागतो. हे वाक्य मी बोलायला नको होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नियंत्रण कक्षात येऊन पडद्याकडे पाहतो, तो आतल्या खोलीच्या भिंतीवर कॅमेऱ्याभोवती एक पातेले पालथे बसवलेले. बुडाला भोक पाडून त्यातून भिंग बाहेर डोकावत होते. पातेले कोठेतरी पाहिल्यासारखे वाटले. कडेचा पोचा दिसला आणि ओळख पटली. ते तुझे जाड बुडाचे पातेले होते, तेच, ज्यात तू दूध तापवायचीस आणि ज्याला मी हात लावलेला तुला खपत नसे. आदल्या संध्याकाळी ते जागेवर दिसेना म्हणून मी घरी शोधत होतो, तेव्हा घरी आलेला तुझा भाऊ माझ्याबरोबर ओट्याखाली वाकून शोधू लागला होता, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवले.

मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला की, घरात ताईच्या वस्तूंना तुम्ही हात लावत नाही, त्या नुसत्या पडून आहेत, निदान एक तरी कामाला लागू दे. यावर मी नियमावर बोललो. (आमच्या यंत्राच्या किरणांनी वस्तू किरणोत्सारी होत नाही. हे मी स्वतःच कामगारांना शिकवतो. तरीही पातेले उतरवल्यावर मी ते मापकाने तपासले, एकदा बाहेरून आणि एकदा आतून. आता त्याच्या बुडाला भोक आहे, एवढाच दोष.)

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. त्या आठवड्यात दोनपैकी एका कॅमेऱ्याचे चित्र चांगले होते. नियमाला तेवढे पुरते, म्हणून मी सही केली होती. परंतु त्याला खोलीचा पुढचा भागच दिसतो. मागचा कोपरा, जिथे हवा खेचून घेणारे मोठे नळकांडे आहे, तो दुसऱ्याला दिसतो, आणि तो दुसरा पुरता कोरा चहा झाला होता. मी तुझ्या भावाला रागावलो. (तशी तू परवानगी दिली होतीस.) संध्याकाळपर्यंत ते चित्र सुधारले नाही तर तुझे इथले काम संपले, असे मी त्याला चारचौघांत सांगितले. तो गप्प झाला. तो गप्प होतो तेव्हा काही तरी शिजत असते, हे तू मला अनेकदा सांगितले होतेस.

आमच्याकडे आत जाण्याची एक रीत आहे. दाराबाहेर फळीवर किल्ल्या टांगलेल्या असतात. आत जाणाऱ्याने, मग तो कोणीही असो, एक किल्ली काढून खिशात घालायची आणि बाहेर आल्यावर परत टांगायची. एकही किल्ली फळीवर कमी असली तर यंत्र सुरूच होत नाही. खिशातली किल्ली म्हणजे त्या माणसाचा जीव. तुझा भाऊ दुपारी आत गेला, तेव्हा त्याने रीतसर किल्ली नेली, पांढरा डगला घातला, टोपी घातली, काम केले, बाहेर येऊन किल्ली टांगली. मग त्याला वाटले की, चित्र तांबूस दिसते त्याअर्थी कोपऱ्यातल्या दिव्याची काच मळलेली असणार. एका मिनिटाच्या कामाला किल्ली कशाला, असे म्हणून (हे त्याने नंतर सांगितले, आणि सांगताना त्याला ते अजूनही पटत होते) तो फडके घेऊन उघड्या दाराने पुन्हा आत शिरला.

यंत्र चालवणाऱ्याला आम्ही गवई म्हणतो, कारण तो सतत गुणगुणतो. सुरू करण्यापूर्वी त्याने आत जाऊन फेरी मारायची असते आणि पार टोकाच्या भिंतीवरचे बटण दाबायचे असते, म्हणजे तो खरोखर टोकापर्यंत गेला हे कळते. गवई गेला, त्याने बटण दाबले, परत आला. त्याच क्षणी तुझा भाऊ नळकांड्यापलीकडे खाली बसून हातातून पडलेले फडके शोधत होता. गवयाचे गुणगुणणे त्याला ऐकू आले. गवई गातो आहे म्हणजे सर्व आलबेल आहे, असे समजून तो निर्धास्त झाला. दार बंद झाले. फळीवर सगळ्या किल्ल्या होत्या. मग आत इशाऱ्याचा भोंगा वाजू लागला. भोंग्याचा अर्थ, कोणी राहिला असेल तर भिंतीवरची लाल दोरी ओढा. तुझ्या भावाला तो मधल्या सुट्टीचा भोंगा वाटला. लाल दोरी त्याला दिसली होती. तिच्यावरची ‘विनाकारण ओढू नये’ ही पाटीही त्याने वाचली. आपल्याकडे काही कारण नाही, असे त्याचे मत पडले.

मी नियंत्रण कक्षात गवयाच्या मागे उभा होतो. समोर दोन पडदे. एकावर रिकामी, स्वच्छ खोली. दुसऱ्यावर तांबूस धुके आणि त्यात शेकडो पांढरे ठिपके. गवयाने माझ्याकडे न पाहताच बटणावर बोट ठेवले. मी त्या धुक्याकडे पाहत होतो. का, ते सांगता येत नाही. आणि तिथे, नळकांड्याशेजारी, तू उभी होतीस.

माझे म्हणणे नीट समजून घे. कोणीतरी तुझ्यासारखे उभे होते, असे मला म्हणायचे नाही. तू उभी होतीस. पांढरा डगला, प्रयोगशाळेत घालायचीस तो. एक हात कमरेवर, मान एका बाजूला कललेली, वर्ग शांत होण्याची वाट पाहताना उभी राहायचीस तशी. माझे बोलणे लांबले की माझ्यासमोरही तशीच. चेहरा दिसत नव्हता. मला चेहऱ्याची गरज पडली नाही. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, “थांब,” आणि तो मी गवयाला म्हणालो की तुला, हे आजही मला ठरवता आलेले नाही. मी पुढे होऊन यंत्र थांबवणारे लाल बटण दाबले. गवयाचे गाणे बंद पडले.

त्याने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. फार हळुवार आवाजात म्हणाला की, साहेब, कोणी नाही तिथे. मी म्हणालो, आहे. तो म्हणाला, मी आत्ताच फिरून आलो. मी म्हणालो, तरी आहे. कोण, असे त्याने विचारले. मी जे उत्तर दिले ते ऐकून त्याने मला खुर्चीत बसवले आणि पाणी आणायला जाऊ लागला. त्याच्या नजरेत जी दया होती ती मला असह्य झाली. दार उघडल्याशिवाय पाणी घेणार नाही, असे मी बजावले. नाइलाजाने त्याने किल्ली घेतली, एक मीही खिशात घातली. वळणाच्या वाटेने तो पुढे आणि मी मागे. शेवटचे वळण यायच्या आत समोरून पांढऱ्या डगल्यातला, टोपीतला तुझा भाऊ हातात फडके घेऊन येताना दिसला. त्याने आम्हाला पाहिले आणि विचारले, “भावोजी, जेवायला निघालात का?”

गवई भिंतीला टेकला आणि तसाच खाली सरकला. मी तारेच्या एका रिळावर बसलो. आम्ही असे बसलेले पाहून तुझ्या भावाला वाटले की आपल्या कामावर आम्ही नाराज आहोत. तो दिव्याच्या काचेबद्दल सांगू लागला. मग बोलता बोलता गवयाचा चेहरा पाहून तो थबकला, भोंगा कशाचा होता ते त्याने विचारले, आणि मी सांगितले. तो बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिला, मोडत राहिला. मला वाटले, आता स्वतःबद्दल काही बोलेल. तो म्हणाला, “ताईला काय सांगितलं असतंत तुम्ही?” आणि मी, आयुष्यभर प्रत्येक वाक्य तोलून बोललेला मनुष्य, त्याला म्हणालो की, खरेच, तिला काय सांगितले असते? आम्ही दोघे तिथे बसून या प्रश्नावर अगदी गंभीरपणे विचार करत होतो. त्यातली अडचण दोघांच्याही लक्षात यायला वेळ लागला.

साहजिकच चौकशी झाली. व्यवस्थापक, यंत्र बनवणाऱ्यांकडून आलेला तज्ज्ञ, आणि मी. तज्ज्ञाने त्या पडद्याचे साठवलेले चित्र पुनःपुन्हा चालवून पाहिले. त्याचे म्हणणे असे की, इतक्या खराब चित्रात माणूस ओळखू येणे अशक्य आहे. ठिपके, धुके, यापलीकडे त्यात काही नाही. मग आपण यंत्र कशावरून थांबवलेत, असे त्याने मला विचारले. मी म्हणालो की, माझी पत्नी दिसली. त्याने वही मिटली. व्यवस्थापकांना आपली परिस्थिती ठाऊक असल्यामुळे ते घाईघाईने म्हणाले की, अहवालात ‘हालचाल दिसली’ असे लिहून टाकू, कोणाला काही विचारायला नको. मी नकार दिला. हालचाल अजिबात नव्हती. तू अगदी स्थिर उभी होतीस. खोटे कसे लिहायचे? ते म्हणाले की, मग ‘मनुष्याकृती’ लिहा. मी म्हणालो की, आकृती अनोळखी वाटली तर तिला मनुष्याकृती म्हणतात. शेवटी दुपारभराच्या वादानंतर ‘ओळखीची व्यक्ती उभी असल्याचे दिसले’ यावर एकमत झाले. हे विधान कोणत्याही बाजूने तपासले तरी खरे आहे. तुझ्या भावाला मी ते वाचून दाखवले तेव्हा त्याचा गैरसमज झाला की त्यात त्याचा उल्लेख आहे. तो गैरसमजही चुकीचा म्हणता येत नाही.

त्याला काढून टाकावे, असेच सर्वांचे मत होते. ‘हाकलू नका’ हे तुझे शब्द मी त्यांना जसेच्या तसे सांगितले. (बैठकीत तुझा उल्लेख इतक्यांदा झाला की, तज्ज्ञ जाताना ‘वहिनींना नमस्कार सांगा’ असे म्हणाला आणि जिन्यात जाऊन स्वतःच दचकला.) त्यांनी असे ठरवले की, कॅमेरे आतल्या खोलीत ठेवायचेच नाहीत. ते वाटेच्या वळणामागे बसवायचे, भोवती शिशाच्या विटा रचायच्या, आणि आतल्या कोपऱ्यात चकचकीत पोलादाचे आरसे लावायचे. कॅमेऱ्याने आरशात पाहायचे. उजेड आरशावरून वळून येतो. क्ष-किरणांना तशी अदब नाही, ते सरळ भिंतीत जाऊन विरतात. काम तुझ्या भावानेच माझ्या देखरेखीखाली पुरे करायचे; माझी सही झाली तर ते मान्य, नाही तर दुसरा माणूस. सही होईपर्यंत यंत्र बंद.

आणि तुला सांगायला अभिमान वाटतो की, त्याने काम चोख केले. किल्ली घेतल्याशिवाय तो आता दाराच्या सावलीतही उभा राहत नाही. नवे चित्र इतके स्वच्छ आहे की भिंतीवरच्या खिळ्याची सावली दिसते. तरीही माझी सही अद्याप झालेली नाही. पहिल्या दिवशी मला आरसा किंचित कललेला वाटला. दुसऱ्या दिवशी शिशाच्या विटांमधली फट वाटली. मग पडद्याची चकाकी. मग आरशाच्या कडा. गवई गुणगुणायचा थांबला आहे. व्यवस्थापक दिवसातून दोनदा येऊन काही न बोलता जातात. जुना कॅमेरा अजून जागेवर आहे, त्याची वायर तोडावी का, असे तुझा भाऊ रोज विचारतो, आणि मी ‘आधी नवे पूर्ण समाधानकारक होऊ दे’ असे म्हणतो. काल त्याने फडके खांद्यावर टाकले, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहिले, आणि एरवी कधी काढत नाही अशा आवाजात विचारले, “भावोजी, तुम्हाला नक्की काय दिसायला हवंय?”

मी त्याला कार्यालयीन वेळ संपल्याचे सांगितले.

असो. पत्र फार लांबले. तू आता कमरेवर हात ठेवून उभी असशील, म्हणून आवरते घेतो. लेकीचा फोन नियमित येतो. तिला यातले काही सांगितलेले नाही, ती उगाच धावत येईल. माझी काळजी करू नये. जेवण वेळेवर होते.

तुझा,
पती

ता. क. पातेल्याच्या भोकाला डाग देऊन मिळेल असे तुझा भाऊ म्हणतो. मी त्याला हात लावू दिलेला नाही. तू म्हणशील तसे करू.

ता. क. दुसरा. हे पत्र मी खरे म्हणजे ज्या विनंतीसाठी लिहायला घेतले, ती वर कोठे घालावी ते न समजल्याने इथे घालतो. उद्या सकाळी जुन्या कॅमेऱ्याची वायर काढण्याचे मी ठरवले आहे. त्यापूर्वी थोडा वेळ मी नियंत्रण कक्षात एकटाच असेन. यंत्र बंद असेल, तुला कसलाही धोका नाही. सोयीचे असल्यास एकदा नळकांड्याशेजारच्या त्या कोपऱ्यात उभी राहा. हात हलवण्याची आवश्यकता नाही, ओळखेन. येणे न जमल्यास कारण कळवू नये.

ता. क. तिसरा. (दुसऱ्या दिवशी, दुपारी.) ठरल्याप्रमाणे बसलो होतो. तुझा भाऊ दाराबाहेर थांबला, आत आला नाही, हाकही मारली नाही. नंतर मी स्वतःच त्याला वायर काढायला सांगितले. सही केली. फेरी आज मी मारली. टोकाचे बटण दाबले, येताना नळकांड्यामागे वाकून पाहिले. पडद्यावर सर्व कोपरे स्पष्ट दिसतात. आत कोणीही नाही. दार लावले, खिशातली किल्ली फळीवर परत टांगली.